आधी पडून दाखव

चहा विचारायच्या आधी वसुधाताईंनी माझ्या अंगावर पाण्याची बादली ओतली. अख्खी. जानेवारीतली सकाळ, आणि मी त्यांच्या अंगणात जीन्स आणि जाड सुती कुर्ता घालून उभी.

"आता गच्चीवर जाऊन ये," त्या म्हणाल्या.

गेले. अर्ध्या जिन्यातच पाय उचलेनात, दात वाजायला लागले. खाली आले तर बाई निवांत पोहे परतत होत्या. "समजलं, सुती काहून नको म्हणते? पाणी पिते अन् सोडत नाही. हवा पाहून नाही, पाणी पाहून कपडे घालावं."

चूक माझीच. बँकेत बसून बसून पाठ धरली होती, म्हणून भिंतीवरून सहज म्हटलं होतं, "ताई, मलेही शिकवा की ती कयाक." ताई रेल्वेच्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, मूळच्या वर्ध्याकडच्या, चौबे कॉलनीत आमच्या शेजारी एकट्याच राहायच्या. नव्या राजधानीचे रुंद रस्ते झाले आणि तिकडच्या तलावावर कयाक म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या चिंचोळ्या प्लास्टिकच्या नावा आल्या, तेव्हा सगळं रायपूर फोटो काढायला गेलं. ताई वल्हं मारायला गेल्या.

पोह्यांनंतर कपड्यांची तपासणी. हातात कात्री. "ओढणी? नाही. गमछा? नाही. लोंबते ते अडकते." माझ्या ट्रॅकपँटचा लांबलचक नाडा त्यांनी मला न विचारता कापला आणि तिथं इलास्टिक ओवलं. चपला बाद, मागं पट्टा असलेल्या सँडल पास.

मी हळूच म्हटलं, "पण ताई, ओलं झाल्यावर अंगाले चिकटन ना. माणसं असतात तिथं."

यावर त्या हसल्या नाहीत. आतून गडद निळा, लांब बाह्यांचा, झटकला की वाळणारा टीशर्ट आणला. "वरतून लाइफ जॅकेट येतेच. पाहणाऱ्याले पाहू दे. तू आपला श्वास पाहाय."

रविवारी तलावावर गेलो. पाणी शांत होतं. मला पोहता येत नाही. ताई पलीकडे वल्हं निवडत होत्या, तेवढ्यात नावा सांभाळणाऱ्या भैयानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "दीदी, आपको भी गिराएँगी?"

"गिराएँगी? मतलब?"

"अकेले को हम नाव नहीं देते, नियम है. जो दीदी इनके साथ आती थीं, वो बेटे के पास पुणे चली गईं. तब से ये किसी-न-किसी को पकड़ के लाती हैं. किनारे पे पहले गिराती हैं, वो भाग जाती है. फिर ये चाय पीती हैं, पानी देखती हैं, और घर."

म्हणजे मी पळाले तर आजही ताईंना नाव मिळणार नव्हती. हे मला कळलं, आणि तरी पळून जावंसं वाटलं.

ताईंनी माझं जॅकेट खांद्यांना धरून वर ओढलं, मांजर पिल्लाला उचलते तसं. ते कानापर्यंत आलं. "ढिल्लं आहे." पट्टे आवळले. कमरेएवढ्या पाण्यात मला नावेत बसवलं. "आधी पडून दाखव."

"ताई, मले पोहता येत नाही!"

"म्हणूनच तं. नाव सोडायची नाही."

आणि त्यांनी नाव कलती केली.

हिरवं, गार, नाकात पाणी. कमरेएवढंच पाणी, तरी पायांना तळ सापडेना. नाव केव्हाच सुटली होती. मग जॅकेटनं मला वर फेकलं आणि मी भर तलावात भोकाड पसरलं. "मी घरी चालली! मले नाही शिकायचं!"

एक गोड शब्द पुरला असता. 'झालं, आता नाही पाडत, बस,' एवढं म्हटलं असतं तर मी बसलेही असते, आणि ताईंना नाव मिळाली असती. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"जाय," म्हणाल्या. "पण कोरडं घालून जाय. ताप भरन."

किनाऱ्यावर आणून त्यांनी माझं डोकं खसाखसा पुसलं. "मले लय भेव वाटते वं," त्या पुटपुटल्या. "न शिकवता नेलं अन् तुले काही झालं तं?"

मला राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही. इतक्या जणी पळाल्या, एकीसाठीही या बाईनं आधी पडून दाखवायचा नियम सैल केला नव्हता. डोक्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. "पाडा पुन्हा."

पडले. या वेळी दोन्ही हातांनी नाव धरून वर आले. भैयानं टाळ्या वाजवल्या आणि ताईंची नाव सोडली.

मी खेकड्यासारखी तिरकी जात होते. ताई चार हात मारून पलीकडच्या काठाला लागल्या असत्या, पण माझ्या मागंच रेंगाळत होत्या.

"जा नं ताई पुढं."

"तू दिसली पाहिजे मले. अन् बोलत राहाय, आवाज आला पाहिजे."

"काय बोलू?"

"काहीबी. काल भाजी कोणती केली?"

"वांग्याची."

"मसाला वाटून टाकला का नुसताच?"

मी सांगत गेले. तीळ, खोबरं, थोडा गूळ. एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ न देणाऱ्या ताई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. म्हणून घाबरत मान वळवली. वल्हं मांडीवर आडवं ठेवून त्या ऐकत बसल्या होत्या.

"थांबली काहून?" त्या म्हणाल्या. "मंग? कोणी खाल्ली?"