तिसरा अंक आणि त्रेपन्न झेरॉक्स

बुधवारी तालीम होती आणि मंगळवार उजाडला तरी तिसऱ्या अंकातली नायिका उंबरठ्यावरच उभी होती. नऊ दिवसांपासून ती तशीच उभी होती, कारण तिला पुढचं वाक्य देणारी नूतन ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळच्या एका गावाची आशा सेविका होती. आशा सेविकेला गाव बसू देत नाही.

वडशाच्या नाटक कंपनीचे देवाजीभाऊ फोनवर स्पष्ट बोलले होते, "बाई, उद्या अंक आला नाई, त मी जुनंच नाटक लावतो. तुमचं मंग पुढच्या साली पाहू." नूतनचं हे पहिलंच नाटक. पुढच्या साली म्हणजे कधीच नाही, एवढं तिला कळत होतं.

नवऱ्यानं, लोकेशनं, जबाबदारी घेतली. तो मदतीला निघाला की दोन माणसांचं काम वाढतं. "तू आत बस, बाहीर मी पायतो," म्हणत त्यानं दार लावलं आणि वर खडूनं लिहिलं, 'नूतनबाई आत लिहून राह्यल्या. कोणी आवाज देऊ नये.'

आता गावची आशाबाई बंद दाराआड काय लिहिणार? एखाद्या योजनेची यादीच! शेजारच्या बापूरावांनी पाटी दोनदा वाचली आणि घरून आधार कार्डाची झेरॉक्स आणली.

"यादी कायची हाये बे, लोकेश?"

"यादी नाई भाऊ, नाटक हाये."

"समजलं, समजलं." बापूरावांनी डोळा मारला. "घरकुलाच्या वेळीबी सरपंच म्हणे, काहीच नाई हाये. मंग त्याच्या साळ्याचं नाव पयलं निंगालं!"

तासाभरात ओळ हातपंपापर्यंत गेली. आवाज देऊ नये हा नियम सगळ्यांनी पाळला. सगळे कुजबुजत होते. पण पन्नास माणसांची कुजबुज ओरडण्यापेक्षा आत शिरते. त्यात रुखमाबाईनं खिडकीतून झेरॉक्स आत सोडली.

"काऊन व, रुखमाबाई?"

"आवाज नाई देऊन राह्यलो बाई. कागद देऊन राह्यलो."

भांडण नको म्हणून लोकेशनं झेरॉक्स गोळा केल्या आणि नंबर टाकून दिले. म्हणजे आता यादी खरोखरच झाली.

नूतन उठली. भरडायचं धान दोन दिवसांपासून कोपऱ्यात पडलं होतं. तिनं पोतं सायकलवर टाकलं. लोकेशनं घाईघाईनं तिच्या पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा उलटसुलट कोंबला. "हे घेऊन जाय, नाई त लोक मले खातीन!" वही घरीच राहिली.

बापूराव मिलपर्यंत मागे आले. मिलवाल्या हाफिजभाईंची मशीन धडाडत होती. बापूरावांचं तोंड पाच वेळा उघडलं, पाच वेळा मिटलं. एक अक्षर ऐकू आलं नाही. शेवटी हात झटकून ते परत गेले.

नूतन पोत्यावर टेकली. कानठळ्या बसत होत्या, अंगावर कोंडा उडत होता, आणि तिच्याकडून कोणालाही काहीही नको होतं. तिनं पिशवीतली पहिली झेरॉक्स उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

धान झाल्यावर हाफिजभाईंनी खूण केली. तिनं हात हलवला, चालू द्या. त्यांनी पुढचं पोतं ओतलं. अशी सात पोती झाली तेव्हा नायिका उंबरठा ओलांडून, सासऱ्याला चार शब्द सुनावून, फाटकाबाहेर पडली होती.

बुधवारी लोकेशनं गठ्ठा वडशाला पोचवला आणि देवाजीभाऊंचा फोन आला. "अंक जमला, बाई! पण खलनायकाच्या पानामागं हा फोटो कोनाचा?"

बापूराव दारातच होते. "नाव लागलं का माहं?"

"लागलं ना भाऊ. एकविसावं पान."

"अन् सरपंचाचा साळा?"

"बत्तिसावं."

बापूरावांचा चेहरा उजळला. कशात लागलं, हे त्यांनी विचारलंच नाही.

गुरुवारी नूतन रुखमाबाईकडे गेली. "तुमचं धान द्या, मी भरडून आणतो."

रुखमाबाईनं पोतं दिलं आणि शेजारी कुजबुज केली. आशाबाई स्वतः धान गोळा करते, म्हणजे नवी योजना आली. दुपारपर्यंत दारापासून हातपंपापर्यंत पोत्यांची ओळ. पहिलं पोतं बापूरावांचं.

"बाई, यादी कायची हाये?"

नूतननं मनातल्या मनात पोती मोजली. सात पोत्यांना एक अंक, म्हणजे दोन अंकी नाटक सहज बसत होतं.