शिमेवरचं गाऱ्हाणं

रस्त्यात सुटं कुत्रं अंगावर आलं की माणसं दगड उचलतात, ओरडतात, नाहीतर पळत सुटतात. आमचे शेजारी दत्तबाब गावस पायातल्या चपला काढतात, हात जोडतात आणि त्या कुत्र्याला गाऱ्हाणं घालतात. देवाला घालतात तसं, अगदी सुरात.

माझा पहिला अनुभव सांगते. आमचा कुत्रा ब्राऊनी तरणाबांड आणि तेवढाच मूर्ख. त्याला घेऊन मी मये गावाच्या वाटेनं फिरायला निघाले होते, हातात चांगला वेताचा दांडा. पुढे दत्तबाब आणि त्यांची कुत्री राणी. राणी म्हातारी, डोळ्यांत फुलं पडलेली, नाकाच्या भरवशावर चालणारी. ओढ्यावरच्या मोरीपाशी, म्हणजे छोट्या पुलापाशी, एक धिप्पाड काळा कुत्रा गुरगुरत आडवा आला. मी दांडा उगारला. ब्राऊनीला तेवढंच निमित्त हवं होतं. त्यानं असा हिसका दिला की मी गटारात आणि दांडा शेतात.

दत्तबाबांनी मला हातसुद्धा दिला नाही. राणीला पाठीशी घेतलं, काळ्याच्या डोळ्याला डोळा न देता थोडं आडवं तोंड करून उभे राहिले आणि सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, ही माझी राणी तुझ्या शिमेवर उभी आसा. काय वाकडां-नाकडां झालां आसात तर माफ कर, आणि चेडवाक सुखरूप वाट दी रे म्हाराजा."

राणी म्हणजे त्यांची चेडू, लेकच. मग थांबले. "वैनी, 'होय म्हाराजा' म्हणा. गाऱ्हाणां अर्धां रवलां."

चिखलात बसल्या बसल्या मी म्हटलं, "होय म्हाराजा." दुसरं काय करणार, कपाळ? त्यांनी पिशवीतून पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कोंड्याची पोई काढली आणि कठड्याखाली ठेवली. काळ्यानं ती हुंगली, खाल्ली आणि बाजूला झाला.

"प्रत्येक शिमेक राखणदार आसता," मला बाहेर ओढत दत्तबाब म्हणाले. "गावच्या राखणदाराक आपण रोट दितों मा? मगे ह्याका कित्याक नाय?"

तशी त्यांचीही एकदा फजिती झाली. मोरीच्या अलीकडे काळ्याचं राज्य, पलीकडे एका लंगड्या तांबड्याचं. बोलण्याच्या नादात दत्तबाबांनी काळ्याची पोई मोरीच्या पलीकडे ठेवली. झालं, मानपान बिघडला. शिगम्याच्या सणात पहिला मान कोणाचा यावरून दोन वाड्यांत जुंपते तशी त्या दोघांत जुंपली, आणि दत्तबाब लांबूनच दोघांची माफी मागत राहिले. दुसऱ्या दिवशी दोघांना एकेक पोई जास्त मिळाली, दंड म्हणून. घरात पाहुणे आलेत काय, असं पोदेर मला विचारत होता.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, शेताच्या बांधावरून जा की. तिथे कुत्र्याचं नखसुद्धा दिसत नाही."

"माझां काय, वैनी, मी खंयसूनय, बांधावरसूनय जायन. राणी आयकूची नाय. तिका तिठ्यारच जावचां आसता."

राणी मंदावैनीची, म्हणजे त्यांच्या बायकोची. मंदावैनी पणजीला नोकरीला. संध्याकाळच्या बसनं ती तिठ्यावर, तीन रस्त्यांच्या नाक्यावर, उतरायची आणि राणीला घेऊन दत्तबाब तिला आणायला जायचे. मंदावैनी वारली, पण राणीचा हट्ट काही सुटला नाही, असं ते सगळ्यांना सांगायचे. बस यायची, माणसं उतरायची, बस जायची. मग ते राणीला म्हणायचे, "बघलंस? चल आता." मलाही वाटायचं, मुक्या जनावराला केवढी ही माया.

यंदा राणीचे मागचे पाय गेले. तशी मजेत आहे. पायरीवर पोतं घातलंय, त्यावर पडून असते आणि जागेवर सुंगटं, म्हणजे कोळंबी, खाते. मी म्हटलं, चला, दत्तबाबांची पायपीट सुटली.

संध्याकाळी बघते तर दत्तबाब पिशवी घेऊन निघालेले. राणी पोत्यावर घोरत होती. तिनं मानही उचलली नाही. मी ब्राऊनीला घरीच बांधला आणि मागोमाग गेले.

मोरीवर काळा उठून उभा राहिला. दत्तबाबांनी चपला काढल्या.

"बा देवा म्हाराजा, आज चेडू नाय माझ्याबरोबर. मी एकटोच आसंय. तिठ्यार जाऊन येतंय. माका वाट दी रे म्हाराजा."

आणि सवयीनं थांबले. होय म्हणायला कोणी नव्हतं. मला रडू आलं होतं, पण गाऱ्हाणं अर्धं ठेवून चालत नाही. मी मागूनच म्हटलं, "होय म्हाराजा."

त्यांनी वळून बघितलं नाही. पोई ठेवली आणि चालू लागले. काळ्यानं आधी पोई संपवली, आपला मान सोडणारा तो नव्हेच. मग मोरी ओलांडून, तांबड्याच्या हद्दीतून, त्यांच्या बरोबरीनं तिठ्यापर्यंत गेला. तांबडा नुसता बघत बसला.

बस आली, माणसं उतरली, बस गेली.

"बघलंस?" दत्तबाब काळ्याला म्हणाले. "चल आता."