पेन्चोच्या मागून या

"एकसष्ट," रालित्सा फोनवर म्हणाली. "बाबा, दुकानाच्या पेजला एकसष्ट फॉलोअर. त्यातले निम्मे आपले नातेवाईक, आणि आईची तर दोन-दोन खाती आहेत."

"बानित्सा खायला माणसं लागतात, फॉलोअर नाही लागत," पेन्चो गानेव म्हणाला.

"मग माणसं तरी कुठंयत?"

पेन्चोनं दुकानाच्या काचेतून बाहेर पाहिलं. माणसं होती, पण रस्त्याच्या पलीकडे, दोब्रीच्या दुकानासमोर. दोब्री हा पेन्चोचा सख्खा मेव्हणा. त्यानं गेल्या वर्षी बहिणीच्या नवऱ्याच्या बरोबर समोर बेकरी थाटली होती. तिथं रंगीत दिवे होते, कॉफीचं यंत्र होतं, आणि फोनवर चार हजार फॉलोअर होते. पेन्चोकडे फक्त बानित्सा होती. हातानं ओढलेले, आरपार दिसतील इतके पातळ पापुद्रे आणि आत मेंढीच्या दुधाचं चीज. सेव्हलिएवो गाव चाळीस वर्षं ती खात आलं होतं आणि आता हळूहळू विसरत चाललं होतं.

"आपलं ठरलंय बाबा. ईस्टरपर्यंत हजार झाले नाहीत तर दुकान बंद करायचं आणि आईला घेऊन वार्नाला माझ्याकडे यायचं."

वार्नाला रालित्साचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता. तिथल्या बाल्कनीत बसून दिवसभर जहाजं बघायची, असं त्या निवृत्तीचं स्वरूप होतं. पेन्चोला जहाजांशी काही देणंघेणं नव्हतं.

"कसे करायचे हजार?" त्यानं विचारलं.

"कागद छापा, खाली पेजचा कोड टाका, गावभर चिकटवा. आणि बानित्सेचा फोटो नको, तुमचा टाका. लोक माणसाला फॉलो करतात, पदार्थाला नाही." मग तिनं मजकूरही सांगितला. चाळीस वर्षं सेवेत, आता नव्या जागी म्हणजे पेजवर भेटा, फॉलो करा, असा काहीसा.

पेन्चोनं तो डोक्यात ठेवला आणि कामेनच्या छापखान्यात गेला. कामेनचा धंदा मुख्यतः शोकपत्रकांचा. गावात कोणी गेलं की कामेन कागद छापायचा आणि घरचे तो दारावर, खांबांवर, बसथांब्यावर लावायचे. मग चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा. गावातल्या भिंतींवर जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांचे चेहरे जास्त होते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून ते वाचायचा.

"रंगीत करू की काळंपांढरं?" कामेननं विचारलं.

"रंगीत कशाला? मी काय पोपट आहे?"

"आणि फोटो?"

फोटो एकच होता, पारपत्रासाठी काढलेला. त्यात पेन्चो असा बघत होता, की पारपत्र बहुधा परतीचं नसावं. कामेननं तो मधोमध बसवला आणि भोवती सवयीनं जाड काळी चौकट टाकली. चौकटीमुळे उठाव येतो, असं त्याचं व्यावसायिक मत होतं. मजकुराच्या वेळी मात्र पेन्चो अडला. 'फॉलो' हा शब्द त्याला कधीच आवडला नव्हता. बानित्सेवर टोमॅटो सॉस ओतावा तसा तो शब्द. त्यानं आपल्या भाषेत सरळ लिहून दिलं:

'पेन्चो गानेव. चाळीस वर्षं आपल्या सेवेत होता. आता तो आपल्याला नव्या जागी भेटेल. आपणही त्याच्या मागून या.'

"मनाला भिडतं," कामेन म्हणाला. शब्द तो वाचत नसे, फक्त जुळवत असे.

चिकटवायचे कुठे, याचाही पेन्चोनं विचार केला होता. लोक काय थांबून वाचतात? शोकपत्रकं. मग कागद तिथंच लावायला हवेत. त्यानं मंडईच्या भिंतीवर, चर्चच्या फाटकावर, दवाखान्याच्या थांब्यावर, जिथं जिथं मेलेल्यांची दाटी होती तिथं तिथं कोपर मारून जागा केली आणि स्वतःला चिकटवलं. एक कागद स्वतःच्या दुकानाच्या दारावरही लावला. मग शटर ओढलं, बायकोला, म्हणजे स्तान्काला, गाडीत बसवलं आणि ईस्टरसाठी चीज आणायला डोंगरावरच्या धनगराकडे निघून गेला.

वर फोनला रेंज नव्हती. जाऊन लगेच यायचं होतं, पण गाडीची बॅटरी उतरली, आणि खालच्या गावातून दुसरी येईपर्यंत तीन दिवस गेले.

परतीच्या वाटेवर, घाट उतरताना, स्तान्काच्या पिशवीतला फोन एकाएकी किणकिणायला लागला आणि थांबेचना.

"अहो, हे काय झालं याला?"

"किती झालेत बघ," पेन्चो म्हणाला.

स्तान्काकडे चष्मा नव्हता. तिनं फोन हात लांब करून धरला. "दोन हजार... आणि वर काहीतरी."

पेन्चोनं गाडी बाजूला घेतली. "चाळीस वर्षं भाजतोय," तो म्हणाला, "पण गावाचं माझ्यावर इतकं प्रेम असेल असं वाटलं नव्हतं."

दुकानासमोर आल्यावर तर त्याला भरूनच आलं. शटरपाशी फुलांचा ढीग होता. मेणबत्त्या जळत होत्या.

"बघ! हे बघ!"

स्तान्कानं एक गुच्छ उचलला. मग दुसरा. "अहो," ती हळूच म्हणाली, "यात चार फुलं आहेत. यात सहा. सम आकड्यात फुलं मेलेल्याला वाहतात, जिवंत माणसाला कोण देतं?"

दोघांनी एकदमच दारावरच्या कागदाकडे पाहिलं.

आत जाऊन पेन्चोनं आधी ओव्हन पेटवून बानित्सेची थाळी आत सरकवली, मग चष्मा लावला आणि पेज उघडलं. 'देव त्याला क्षमा करो.' 'काय माणूस होता!' 'अंत्यविधी कधी आहे? कोड दाबला तर इथं बानित्सेचा फोटो येतोय.' 'गेल्याच आठवड्यात भेटला, तेव्हाच चेहरा उतरला होता.' हे शेवटचं त्याच्या डॉक्टरनं लिहिलं होतं.

तेवढ्यात रालित्साचा फोन आला. ती रडत होती. "आई! फोन का उचलत नाहीस? मी निघालेय, निम्म्या वाटेवर आहे..."

"अगं, बाबा इथंच आहेत. बोल त्यांच्याशी."

पलीकडे करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला.

"बाबा? तुम्ही... तुम्ही जिवंत आहात?"

"हजार पुरे होते ना?" पेन्चोनं विचारलं. "दोन झालेत."

पुढचं ती जे बोलली ते पेन्चोनं फोन कानापासून लांब धरून ऐकलं.

"आत्ताच्या आत्ता बाहेर जाऊन सांगा सगळ्यांना," फोन ठेवल्यावर स्तान्का नवऱ्याला म्हणाली.

"आणि सगळे पेज सोडून गेले तर? ईस्टर झाला की सांगू ना. आठवडाभराचा तर प्रश्न आहे."

"आठवडाभर मेलेले राहणार तुम्ही?"

"मी मागं ओव्हनपाशी असतो. तसंही मला तिथं कोण बघतं?"

स्तान्का यावर काही बोलण्याआधीच शटर वाजलं. शेजारची नेदा आजी होती, तिच्यामागे आणखी पाचसहा जण. स्तान्काला बघून आजींनी तिला छातीशी धरलं. "रड गं पोरी, रड. वास येतोय... बानित्सा केलीस का त्याच्या नावानं?"

हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मेलेल्याच्या नावानं जे वाटतात त्याचे पैसे घेत नाहीत. 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं आणि खायचं. ओव्हनमधली पहिली थाळी पेन्चोनं मोठ्या आशेनं काढली होती. ती दारातच संपली. रांग वाढत गेली. पेन्चो आत घाम पुसत थाळ्यांमागून थाळ्या लावत होता, स्तान्का बाहेर डोळे पुसत त्या वाटत होती. डोळ्यांत तिच्या खरोखरच पाणी होतं, कारण डोंगरावरून आणलेलं सगळं चीज दुपारपर्यंत गावाच्या पोटात गेलं होतं.

मग दोब्री आला. काळा कोट, हातात त्याच्या उंचीचं फुलांचं चक्र. त्यानं बहिणीला जवळ घेतलं आणि भर रांगेसमोर हुंदका दिला.

"ताई, मी पापी आहे. समोर दुकान काढायला नको होतं मी. दाजींसारखी बानित्सा करेल असा पठ्ठ्या जन्माला आला नाही. माझी तर गोठवलेली येते ट्रकमधून, प्लोव्हदिवहून! मी नुसती गरम करतो!"

रांगेनं माना वळवून रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे पाहिलं. आणि पडद्यामागे, पिठानं पांढऱ्याफटक पडलेल्या पेन्चोला राहवलं नाही.

"दोब्री!" तो बाहेर येऊन म्हणाला. "पुन्हा बोल. मोठ्यानं बोल."

दोब्रीच्या हातातलं चक्र पडलं आणि घरंगळत रस्त्यावर गेलं. दोघी-तिघी किंचाळल्या. कोणीतरी क्रॉसची खूण केली. नेदा आजींनी पेन्चोच्या गालाला बोट लावून पाहिलं आणि थाळीतला शेवटचा तुकडा उचलला.

"मेलाय का जित्ता, ते तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "ही गरम आहे."

बाकीच्यांनी मात्र इतक्या सहजासहजी सोडलं नाही. फुलांना खर्च आला होता. काहींनी कामावर सुट्टी टाकली होती. डॉक्टर तर चारचौघांत सांगून बसला होता, की हे होणार हे त्याला आधीच दिसलं होतं. संध्याकाळी रालित्सा पोहोचली, बापाच्या गळ्यात पडली, मग तासभर भांडली, आणि शेवटी तिनंच पेजवर लिहिलं: 'पेन्चो गानेव जिवंत आहे.'

त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. 'मेलेल्या माणसाचं खातं चालवता, लाज वाटत नाही?' असं एकानं लिहिलं. फोनवर काय, कोणीही काहीही लिहितं. भिंतीवर लागलं तेच खरं. तेव्हा पेन्चो पुन्हा कामेनकडे गेला, आणि कामेननं तोच फोटो, तीच चौकट घेऊन नवा कागद छापला: 'पेन्चो गानेव आपल्यातच आहे.'

गावानं तो वाचला आणि मान हलवली. चाळीस दिवसांचा कागद इतक्यात लागला?

फॉलोअर मात्र घटले नाहीत. जिवंत की मेलेला, हे बघायला म्हणून लोक पेजवर यायचे, तिथून दुकानात यायचे, आणि आल्यासारखं काहीतरी घेऊन जायचे. रालित्सानं वार्नाचा विषय काढायचा सोडून दिला. स्तान्का मात्र तिच्याबरोबर पंधरा दिवसांसाठी समुद्रावर निघून गेली. विधवेला हवापालट लागतो, म्हणाली.

इतर दुकानदारांनी हे सगळं बघितलं होतं. आधी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकट छापून घेतली, मग चांभारानं, मग दोब्रीनंही. उन्हाळ्यापर्यंत सेव्हलिएवोच्या खांबांवर अर्धेअधिक चेहरे धडधाकट होते. चौकट दिसली की लोक आता टोपी काढायच्या आधी फोन काढत.

अशातच एका सकाळी मंडईच्या भिंतीवर पेन्चोला याकिम गुरुजींचा कागद दिसला. गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि हल्ली मधमाश्या पाळत होते. मधाचं दुकान काढलं असणार, पेन्चोनं ताडलं. एवढ्या वयात! त्यानं दुकानात जाऊन ताज्या बानित्सेची अख्खी थाळी उचलली आणि गुरुजींच्या घराचं दार खांद्यानं ढकलून आत शिरला.

"अभिनंदन!" तो ओरडला. "कुठंय आमचा नवा शेठ?"

नवा शेठ खोलीच्या मध्यभागी होता. उशाशी मेणबत्ती होती. भोवती काळ्या कपड्यांतली माणसं बसली होती आणि ती सगळी पेन्चोकडे बघत होती.

पेन्चोनं थाळी टेबलावर ठेवली. दुसरं काय करणार? गुरुजींच्या पत्नींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग थाळीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "देव त्यांना क्षमा करो. घ्या, सगळ्यांनी घ्या." थाळी फिरली. कोपऱ्यात गुरुजींचे थोरले भाऊ बसले होते, डोंगराकडच्या गावाहून आलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी एक घास चावला, थांबले, आणखी एक चावला.

"अशी बानित्सा," ते म्हणाले, "फक्त तो बिचारा पेन्चो करायचा. वसंतात गेला."

पेन्चोनं तोंड उघडलं. मग गुरुजींकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या चालणाऱ्या जबड्याकडे पाहिलं, आणि त्याच्याशेजारची खुर्ची ओढून बसला.

"हो," तो म्हणाला. "चांगला माणूस होता."

"थोडा चिक्कू होता," म्हातारा म्हणाला आणि दुसऱ्या तुकड्याला हात घातला.