शेवटची फेरी सोडणारा एलियास

एलियास चहा कधीच संपवत नसे. तेव्हा आम्ही आखातात, अल् घुब्रात राहायचो. आमच्या इमारतीखाली एका मलबारी माणसाचं चहाचं दुकान होतं. तिथला घट्ट, दुधाळ चहा एलियास मिटक्या मारत अर्ध्याच्या पुढे प्यायचा आणि मग ग्लास बाजूला सारून म्हणायचा, "बस, खलास."

पोह्यांचंही तेच. बशीत उरलेले चार घास बघून माझी बायको सुनंदा चिडायची. "आवडत नसतील तर सांगावं ना माणसानं!" आवडायचे. मागून घ्यायचा. पण चार घास उरणारच. कॅरम रंगात आला की स्ट्रायकर माझ्या हातात देऊन उठायचा. आमच्याकडे टीव्हीवर हिंदी सिनेमा बघायला यायचा आणि मध्यंतराला निघून जायचा. दुसऱ्या दिवशी मात्र मला शेवट विचारायचा आणि अगदी मन लावून ऐकायचा.

हा एलियास केनियाचा. आमच्याच इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहायचा आणि एका मॉलच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभा असायचा. वय चाळिशीच्या अलीकडचं, उंच, सडपातळ, नुसते पायच पाय. एके काळी त्या पायांना युरोपात पळण्याचा पगार मिळत असे. इथे उभं राहण्याचा मिळे. "आराम है," तो म्हणायचा. तो विनोद होता हे मला उशिरा कळलं.

त्याची कारकीर्द त्यानं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. अर्थात शेवटचा तुकडा न सांगता. पंधराशे मीटरच्या शर्यतीत मोठ्या धावपटूला विक्रम करायचा असला की त्याच्या पुढे पळायला एक माणूस भाड्यानं घेतात. त्यानं सुरुवातीच्या फेऱ्या ठरलेल्या वेगानं पळायच्या, वारा आपल्या अंगावर घ्यायचा आणि शेवटची फेरी यायच्या आत बाजूला होऊन गवतावर उतरायचं. एलियास तो माणूस. वर्षानुवर्षं. त्याच्या फोनमध्ये एक फोटो होता. मधोमध हात पसरलेला विजेता, आणि अगदी कडेला, गुडघ्यांवर हात टेकून वाकलेलं कुणीतरी. "ये मैं," तो कौतुकानं दाखवायचा.

"अरे, एकदाही वाटलं नाही, थांबू नये म्हणून?" मी विचारलं होतं.

"पैर बोलता था जाओ. कॉन्ट्रॅक्ट बोलता था खलास."

मला मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी चालायला लावलं, तेव्हा सुनंदानं मला एलियासच्या हवाली केलं. मी एका कंपनीत हिशेब बघणारा, पोट सुटलेला माणूस. ऊन चढायच्या आत आम्ही समुद्राकाठच्या रस्त्यावर जायचो. तो माझ्यापुढे दोन हात. मागे वळून कधीच बघायचा नाही. माझा श्वास ऐकून वेग ठरवायचा. मी धापा टाकू लागलो की म्हणायचा, "पोले पोले, म्झे." पोले पोले म्हणजे सावकाश, आणि म्झे म्हणजे वडीलधारा. दुरून घर दिसू लागलं की तो झटकन बाजूला व्हायचा आणि आदबीनं हात पुढे करायचा. "अब आप जाओ."

काही महिन्यांत मी चक्क पळायला लागलो.

मग आमच्या महाराष्ट्र मंडळाची सहल आली. तिथे पन्नाशीपुढच्या पुरुषांची शर्यत होती, बागेला दोन फेऱ्या. एलियास माझा पाहुणा. आमचे कार्यवाह देसाई म्हणाले, "पळू दे की त्यालाही. केनियाचा माणूस जवळून बघायला कधी मिळणार!" शिट्टी वाजली. एलियास माझ्यापुढे दोन हात. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो आणि एकेक पोट मागे पडत गेलं. शेवटच्या वळणावर तो गवतावर उतरला आणि त्यानं हात पुढे केला. मी लाल फीत तोडली.

देसाई माइकवर ओरडले, "सावंतांनी केनियाला हरवलं!"

मी एवढंच म्हणायचं होतं, "नाही हो." त्याऐवजी मी कप घेतला. वर जेवणाच्या पंगतीत म्हणालो, "शेवटी दम लागला बिचाऱ्याला." हसले सगळे. पुढे ही गोष्ट पार सोहार शहरातल्या मित्रांपर्यंत गेली आणि मीही ती दर वेळी थोडी वाढवून सांगू लागलो.

त्यानंतर मंडळानं मुलांसाठी धावण्याचा वर्ग काढायचं ठरवलं. एलियासला शिकवायचं होतं. त्यानं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. "म्झे, आप बात करो," म्हणाला आणि खिशातून नवी कोरी शिट्टी काढून दाखवली. आधीच विकत घेतली होती.

मी बैठकीत त्याचं नाव सुचवलं. देसाई खो खो हसले. "अहो सावंत, ज्याला तुम्ही हरवलंत त्याच्याकडे पोरं कशाला पाठवायची? त्यापेक्षा तुम्हीच शिकवा!" पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं तर कप परत द्यावा लागेल, अशी पोरकट भीती वाटली मला. वर्ग दुसऱ्याच कुणाला मिळाला. एलियासची शिट्टी मॉलच्या पार्किंगमध्ये गाड्या मागे घेताना वाजू लागली.

आता पंच्याहत्तरी गाठली, चिपळूणला असतो. तो कप अजून कपाटात आहे. तेव्हा मंडळाच्या जुन्या मंडळींनी कृपया वाचावं: त्या दिवशी मी कुणालाही हरवलं नाही. मला जिंकवून आणलं होतं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एलियास नेहमीसारखाच खाली उभा होता. मी चाचरत सुरुवात केली. "एलियास, वो क्लास का... मेरी गलती है. मैंने उनको सच बोला नहीं."

त्यानं माशी हाकलावी तसा हात हलवला. आम्ही चालू लागलो. तो पुढे, मी मागे. बऱ्याच वेळानं तो थांबला आणि पहिल्यांदाच मागे वळला. सिनेमाचा शेवट विचारायचा, तसाच चेहरा होता.

"म्झे, एक बात बताओ. वो फीता छाती को लगता है, तब कैसा लगता है?"

मी आठवून बघितलं. काही केल्या आठवेना. फीत तोडताना मी फोटो काढणाऱ्याकडे बघत होतो.