वासूतातूंची गळकी टाकी

वासूतातूंच्या शर्टाच्या खिशाखाली कायम एक ओला डाग असतो. शर्ट बदलतो, डाग बदलत नाही. बरं, डाग गोडसर. त्यामुळे तातू माझ्या दुकानातल्या स्टुलावर जरा टेकले की पायरीवरच्या मुंग्या आपली रांग मोडून त्यांच्याकडे वळतात. तातू त्यांना झटकत नाहीत. "येवंदे," म्हणतात, "मेल्यांका माझी गळती माझ्याआधी कळता."

खिशात असते ती टाकी. टाकी म्हणजे पाण्याची नव्हे. इलेक्ट्रिक सिगरेट म्हणून जो प्रकार निघाला आहे, पेनासारखा, बॅटरीवर चालणारा, त्याच्या पोटात रस भरायला बोटभर बाटली असते, ती टाकी. खाली तारेचं वेटोळं, वेटोळ्यात कापसाची वात, वर रस. बटण दाबलं की तार तापते, वातीत मुरलेल्या रसाची वाफ होते आणि माणूस ती ओढतो. निदान ओढावी अशी अपेक्षा असते. तातूंनी स्वतःच्या हाताने केलेली टाकी गेली चार वर्षं नुसती गळते आहे.

आता हा माणूस कोण म्हणाल, तर उभा जन्म बोटीवर फिटर. आमच्या शिरोड्यातल्या घरांपेक्षा मोठाली इंजिनं त्यांनी खोलली आणि लावली. बोट भर समुद्रात थांबली की कप्तान आधी देवाला हाक मारायचा आणि मग तातूंना, असं तातू सांगतात. कधी कधी क्रम उलटाही सांगतात. रिटायर होऊन घरी आले ते पाने, पक्कड आणि बिडी एवढं सामान घेऊन. बाजारात माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान, दुकानामागच्या वाडीत तातूंचं घर. तेव्हा हा योग माझ्या पत्रिकेतच असणार.

सगळं सुरू झालं ते काकीच्या छातीपासून. काकी म्हणजे तातूंची बायको. आधी चुलीचा धूर, मग तातूंच्या बिडीचा. एका शिमग्यात तिला असा दमा लागला की सावंतवाडीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. परत आली ती कैरीच्या वाळलेल्या तोरासारखी होऊन. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात धूर म्हणून चालायचा नाही, यांच्या अंगाला लागून आलेलासुद्धा नको. चूल गेली, गॅस आला. संध्याकाळची धुपाटणी बंद झाली. राहिली बिडी.

तेवढ्यात तातूंचा भाचा बोटीवरून सुट्टीवर आला. त्याने मामाला एक तयार इलेक्ट्रिक पेन दिलं. ते महिन्याभरात मेलं, आणि दुसरं आणावं तर आपल्याकडे विकायला बंदी. दुसरा कुणीही गप्प बसला असता. तातू म्हणाले, "आठ दिसांचा काम हां. मी करतंय." डॉक्टरांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी "तोही धूरच" म्हणून कपाळाला हात लावला. पण तातूंचे आठ दिवस सुरू झाले होते.

त्या वर्षीच्या चवथीला तातूंच्या घरी गणपतीसमोर आम्ही सगळे जमलो. घरातले मोठे म्हणून गाऱ्हाणं तातूंनी घातलं. "बा देवा म्हाराजा! ही पोराटोरा तुझ्या पायाकडे जमली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"जा काय वाकडा आसात, तां सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जोपर्यंत माझी टाकी गळतासा, तोपर्यंत हो वासुदेव बिडयेक हात लावचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणून आम्ही ओरडलो, आणि मग काय म्हणून बसलो ते एकमेकांकडे बघून आठवू लागलो.

"आणि गळाची थांबली तर?" मी विचारलं.

"मगे सुटलंय," तातू म्हणाले. "मगे टाकी ओढीन, बिडी ओढीन, माझी मर्जी. आठ दिसांचो तर प्रश्न आसा."

स्वयंपाकघराच्या दारात काकी पातोळ्यांचं ताट घेऊन उभी होती. "शिरा पडो त्या टाकयेर," एवढाच शाप दिला आणि आत गेली. तिचा जीव त्या गळतीवर टांगलेला होता. गळती थांबली की बिडी पुन्हा पेटणार, बिडी पेटली की तिची छाती भरणार, हे न कळायला ती काही खुळी नव्हती. त्या दिवसापासून सगळा बाजार टाकी बरी व्हायची वाट बघत होता, ती एकटी सोडून.

तातूंचं म्हणणं, गळत्या तीन जातीच्या. आट्याची, वायसराची आणि मालकाची. आटे नीट बसले नाहीत तर पहिली. वायसर म्हणजे रबराचा वॉशर, तो चिरला, सुकला, ढिला झाला तर दुसरी. मालकाने हावरटासारखा रस काठोकाठ भरला तर तिसरी. तिसरीवर इलाज नाही. तपासणीसाठी टाकी वर्तमानपत्रावर उलटी ठेवायची आणि डाग पडायची वाट बघायची. माझ्या दुकानात गेल्या चार वर्षांत एकही वर्तमानपत्र मी पूर्ण वाचलेलं नाही. अग्रलेखाच्या मधोमध तातूंचा डाग असतो.

"काय हो तातू, परत गळली," मी चिडवायचो.

"गळता म्हणजे भरलेली आसा," तातू शांतपणे म्हणायचे. "रिकामी कधी गळता काय?"

वातीचं एक प्रकरणच झालं. काकी देवासाठी वाती वळते. तातूंनी विचार केला, समईला चालते ती वात टाकीला का चालू नये? देवघरातल्या डब्यातून चार फुलवाती उचलल्या. पण त्या काकीने निरांजनासाठी तुपात भिजवून ठेवलेल्या. माझ्या दुकानात बटण दाबलं तेव्हा असा काही दरवळ सुटला, की होल्डर घ्यायला आलेल्या बाईने नकळत हात जोडले. तातूही जरा ओशाळले. "काय आसा," म्हणाले, "आरती चुकली तेची."

त्याहून वाईट प्रकार आगळाचा. रस म्हणून मेडिकलमधलं ग्लिसरीन तातूंना मुळात पसंत नव्हतं. "खंयचा ता ग्लिसरीन! आपल्या घरात आगळ आसताना?" आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आम्ही सोलकढीत घालतो तो. तो टाकीत गेला. आमच्याकडे आगळाने बायका तांब्यापितळेची भांडी लख्ख करतात, हे तातूंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण शोध लावताना माणसाला घरातलं आठवत नाही. दोन दिवसांत आगळाने टाकीचे पितळी आटे असे चाटले, की झाकण नुसतं फुंकरीने गोल फिरू लागलं. तत्पूर्वी "ओढून बघ" म्हणून मला आग्रह झाला होता. वाफ कसली येते! घोटभर खारट आगळ घशात गेला आणि त्यात तारेची चव. संध्याकाळपर्यंत मी पाणी पीत होतो. तातूंनी फक्त विचारलं, "मीठ जास्ती झाला काय रे?"

एकदा हवालदारही विचारायला आला. ही वस्तू बेकायदा आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. तातूंनी टाकी आदराने त्याच्या हातावर ठेवली. ती त्याच्या बाहीत शिरेपर्यंत गळली. "इकूक बंदी आसा," तातू म्हणाले, "गळूक नाय." बाही पुसत हवालदार म्हणाला, ही सिगरेट नव्हे, हा घरगुती त्रास आहे, आणि चहा पिऊन गेला.

मला खरं कोडं पडायचं ते वेगळंच. बोटीची इंजिनं कोरडी करणारा माणूस, आणि ही बोटभर बाटली त्याला आवरेना? रात्री घरी बसवलेली टाकी सकाळी दुकानात येईपर्यंत गळायला लागलेली असायची. पण तातूंचं तोंड कधी उतरलेलं दिसलं नाही. उलट माणूस सुधारला. खोकला गेला, गाल भरले. माझ्यासारख्याला त्यांचा हेवा वाटावा इतकं त्यांचं दिवसभर मजेत चाललेलं असायचं. मी वायसर पुरवायचो, पैसे विसरायचो आणि चहा मागवायचो.

अशात गेल्या महिन्यात संकष्टी आली. तातू सकाळीच आले, टाकी माझ्या वर्तमानपत्रावर उलटी ठेवली आणि रेडिओ लावला. काकी पहाटे रेडीच्या गणपतीला गेली होती, म्हणून घरी जायची घाई नव्हती. दुपार झाली. मी सहज कागदाकडे बघितलं. डाग नाही. बोट फिरवलं. कोरडं. टाकी उचलून हलवली, आपटली, पुन्हा ठेवली. कोरडी ठणठणीत!

"तातू!" मी ओरडलोच. "झालां! एक थेंब नाय! सुटलात तुमी!"

"बोंबलू नको," तातू म्हणाले.

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी कागद त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी रेडिओ बंद केला. त्यांचा चेहरा असा पडला होता, जसा मी कधी पाहिला नव्हता.

"नीट बघ रे अन्या. खंयतरी गळत आसतली."

"नाय हो."

"बघ मेल्या! इतक्या वर्सांचा दुकान तुझा, आणि तुका एक गळती गावना नाय?"

मी हसायला गेलो आणि थांबलो. तातूंचा हात रिकाम्या खिशावर फिरत होता.

"माका अजून बिडी होई दिसता," ते हळू आवाजात म्हणाले. "रोज. सकाळी चाय झाली की हात पयलो खिशात जाता. थंय ही टाकी आसता, हात ओलो होता. मगे तो पुसूचो, टाकी खोलूची, वायसर बघूचो. तेतूर ती तलफ जाता. ही गळाची थांबली तर मी काय करू रे?"

मी म्हटलं, "मग ओढू नका. गाऱ्हाण्यात ओढूकच होई असा खंय आसा?"

"माझो माझ्यार इस्वास नाय." ते बाहेर रस्त्याकडे बघत बोलत होते. "दवाखान्यात तिका श्वास गावना नाय होतो. ती खाटयेर हात मारी होती. मी तिका धरूक वाकलंय, तर तिना माका ढकलल्यान. माझ्या शर्टाक बिडयेचो वास येय होतो. उभ्या जन्मात तिना माका कधी ढकलूक नाय होता, अन्या."

चार वर्षं मी या माणसाची थट्टा करत होतो.

"मगे फोडून टाका ती टाकी," मी म्हटलं.

"देवासमोर सांगलंय. मी हातान बिघडवलंय तर ती देवाची फसवणूक झाली. ती आपसूक गळाक होई."

"बघू हकडे," मी म्हटलं.

मी टाकी हातात घेतली तसे तातू उठले आणि पाठ करून रस्त्यावरून जाणाऱ्या म्हशी बघू लागले. त्या म्हशी रोज जातात, आजवर तातूंनी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. मी झाकण फिरवलं, वायसर काढून माझ्या खिशात टाकला, झाकण लावलं, टाकी कागदावर ठेवली. पाचेक मिनिटांत कागदावर छान वाटोळा डाग उमटला.

"तातू, गळता हो."

ते वळले. वाकून डाग बघितला, बोटाने चोळला. "तरी मी म्हणी होतंय!" त्यांचा आवाज पुन्हा बोटीवरचा झाला. "आट्याची आसतली. आठ दिसांचा काम हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी दुकानात आली. झिरोचा बल्ब मागितला. मी बल्ब लावून दाखवत असताना तिने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली केला.

"काल कोरडी ऱ्हवली होती मा?"

"तुका कोणी सांगल्यान?"

"सांगाक कित्याक होया? काल मी पाटेच रेडयेक गेलंय. वायसर ढिलो करूक येळ गावाक नाय."

मी बल्ब खाली ठेवला. काकी मात्र भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. रोज सकाळी, तातू आंघोळीला गेले की, चार वर्षं. यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नाही. पण ते काळं रबर जरा ओढून ठेवलं की गळतं, एवढं तिने पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

"घराकडे मी बघतंय," ती म्हणाली. "हयसर तू बघ."

"आणि तेंका कळला तर?"

"सांगशीत तर बघ!" मग ती जराशी घुटमळली. "बोटयेवरचे फिटर ते. येक टाकी आपल्याक जमना नाय, ह्येचा तेंका वायट वाटत आसतला. माका काय कळना नाय? पण माझो श्वास चलता रे अन्या. रातची निजाक मिळता."

तातूंना कसलंही वाईट वाटत नाही, ती टाकी गळती राहावी म्हणून तेही देवाला हात जोडून बसलेत, हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण दोघं एकमेकांना चोरून एकमेकांसाठी एवढं करत होती, त्यात मी नाक खुपसणारा कोण? मी बल्ब कागदात गुंडाळून दिला.

काकी पायरी उतरत होती आणि तातू चढत होते. तिने त्यांना थांबवलं. त्यांच्या शर्टाची कॉलर आत वळली होती, ती बाहेर काढून बसवली. "जेवणाक येळेर येवा," म्हणाली. तातू "व्हय, व्हय" करत उभे राहिले. कॉलर केव्हाच सारखी झाली होती. काकीने तरी हात काढला नाही. भर बाजारात, त्यांच्या छातीशी तोंड नेऊन ती सावकाश श्वास घेत उभी होती.