उठलेल्या मढ्यांच्या पंगतीची बखर

श्रीकृपेने, आठवते तैसे लिहितो. ज्या साली आमच्या धाकट्या सुनेस जुळे जाहले आणि दोघांचे बारसे एकाच पाळण्यात केले, त्या साली ज्येष्ठ मासी राज्यात मेलेली माणसे उठली, त्याचे वर्तमान ऐसे. वद्य प्रतिपदेस लढाईत साठ माणूस पडले, आणि तृतीयेस पलीकडील दरबारचे वकील फौज पाहावयास येणार, तेव्हा हजेरीत उणे दिसू नये म्हणोन वैद्य त्र्यंबकशास्त्री यांनी मढ्यांचे मुखी काढा ओतिला, की घटकाभर उभे राहावे. उभे राहिले. मग वकिलास धरिले आणि पागोट्यासकट खाल्ले. मात्रा किंचित अधिक पडली, ऐसे शास्त्री समजावीत होते, तोच दोघांनी त्यांची आतडी दोन टोकांस धरून अंगणभर ताणिली, आणि मढी महालात शिरली.

मुदपाकखान्यावर गोजाबाई होती. तिने पाहिले, सर्वांत पुढे तिचा दादला सटवाजी, पोटात भाला तैसाच, परंतु उंबऱ्याशी जोडे काढून आत आला. मग तिने जाणिले की जीव गेला तरी रीत गेली नाही, आणि पाने मांडिली, महाराजांस अग्रपानी बसविले, आणि साठही मढी मुकाट पंगतीस बसली. राज्याची रीत ऐसी की महाराजांनी पहिला घास घेतल्यावाचून कोणी हात हलवू नये आणि उठूही नये. गोजाबाईने महाराजांचे कानी घातले की मी माना उतरविते, तोवर सरकारांनी घास घेऊ नये. परंतु महाराजांपुढे रिते पान ठेवणे तिच्याने होईना, म्हणोन त्यांस तेवढे श्रीखंड वाढिले. मग कोयता घेऊन पंगतीच्या शेवटाकडून निघाली. मुंडकी घरंगळली, रक्त द्रोणांत साचले, आणि एकाची मान अर्धीच तुटली, तो शेजाऱ्याच्या पानात पडू नये म्हणोन आपले डोके दोन्ही हातांनी धरून बसला. चाळीस जाहले तेव्हा महाराजांनी विचारिले, "नुसते चाटून पाहिले तर?"

"चाटणे हाही घासच, सरकार."

एकोणसाठ जाहले. राहिला सटवाजी, महाराजांच्या उजव्या हातास. गोजाबाईने कोयता पदरास पुसला, आणि पुन्हा पुसला, आणि हात उचलेना. महाराजांनी पाहिले की आता एकच उरला, त्याचे काय भय, आणि घास घेतला. सटवाजीचे पान रिकामे होते, म्हणोन त्याने महाराजांस घेतले, आणि गळ्यापासून आरंभ करून सावकाश जेविला. मग गोजाबाई तांब्या घेऊन आली आणि बोलिली, "अहो, जेवण जाहले. हात धुवा." तो उठून मोरीवर गेला आणि ओणवा होऊन हात पुढे केले. तिने डाव्या हाताने पाणी घातले आणि उजव्याने कोयता.

येणेप्रमाणे घडले. महाराज ज्येष्ठ वद्य तृतीयेस दोन प्रहरी वारले. सटवाजी दोनदा वारला: प्रतिपदेस लढाईत, आणि तृतीयेस, महाराजांमागून घटकेने, हात धुतांना.