राणीच्या टेकाडातला काउंट

ट्रूडे बिळात शिरली तेव्हा काउंट हेनिंग फॉन ड्रोस्टनाऊ फोनवर होता. पलीकडून एक नवरी मुलगी बोलत होती. शनिवारी तिचं लग्न त्याच्या हवेलीच्या दिवाणखान्यात लागायचं होतं आणि फोटोच्या वेळेला तळ्यातले हंस जरा काठाशी आणता येतील का, अशी तिची विचारणा होती. तळं माझं आहे पण हंस माझे नाहीत, ते त्यांना वाटेल तेव्हा येतात, हे हेनिंग जमेल तितक्या नरमाईने तिला समजावत होता. समजावता समजावता हातातला पट्टा निसटला. ट्रूडे जणू याच क्षणासाठी जन्मली होती. बिळातल्या शिकारीसाठीच पाळतात त्या जातीची ती फुटभर उंचीची, लांबोडकी डॅशहंड कुत्री झाडांमधून तीरासारखी सुटली, राणीच्या टेकाडाच्या पायथ्याला असलेल्या, बॅजर नावाच्या बिळं खणणाऱ्या रानटी जनावराच्या बिळापाशी क्षणभर थबकली आणि शेपटीसकट आत गेली.

"हंसांचं मी पाहतो," असं नवरीला सांगून हेनिंगने फोन ठेवला. आपण काय कबूल करून बसलो हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

ट्रूडे त्याची नव्हती, त्याच्या आईची होती. म्हातारी काउंटेस मेश्टहिल्ड गुडघ्याच्या उपचारांसाठी तीन आठवडे दूर गेली होती आणि त्याच दिवशी दुपारी परत यायची होती. जाताना तिने मुलाला एकच बजावलं होतं. हवेली जळाली तरी चालेल, पण ट्रूडेला टेकाडाकडे मोकळी सोडायची नाही. उत्तर जर्मनीतल्या उभ्या होल्श्टाइन प्रांतात म्हातारी गोड आवाजात बोलायची ती फक्त या कुत्रीशी. अठ्ठावन्न वर्षांच्या मुलाच्या वाट्याला तो आवाज कधी आला नव्हता.

हेनिंग बिळापाशी गुडघे टेकून बसला आणि त्याने हाका मारल्या. आतून, खूप खोलवरून, भुंकणं ऐकू आलं. मग कसलीतरी झटापट, आणि मग काहीच नाही. तो धावत अवजारांच्या खोलीकडे गेला, फावडं घेऊन आला आणि बिळाच्या तोंडाशी पहिला घाव घातला.

"तिथे खणायला बंदी आहे," मागून आवाज आला.

हातात काठ्या घेऊन जंगलात पायी हिंडणारी एक बाई पायवाटेवर उभी होती. जंगल कुणाचंही असो, त्यातून चालायचा हक्क सगळ्यांना असतो, आणि तो बजावणाऱ्यांत निवृत्त शिक्षिका फार असतात. ही त्यांपैकीच होती. हे तीन हजार वर्षांपूर्वीचं थडगं आहे, पाटी वाचता येत नाही का, असं तिने विचारलं. ही जमीन माझी आहे, असं हेनिंग म्हणाला. मग तर तुम्हाला माहीत असायलाच हवं होतं, असं म्हणून तिने फोन काढला.

हेनिंगनेही फोन काढला. त्याने हिनर्क लाऊला बोलावलं. हिनर्कचा धंदा नळदुरुस्तीचा, पण गावच्या अग्निशमन दलाचा तो प्रमुख होता आणि लहानपणी दोघे एकाच संघातून फुटबॉल खेळले होते. बऱ्याच दिवसांत गावात कुठे साधा धूरसुद्धा निघाला नव्हता. त्यामुळे दलातली झाडून सगळी माणसं हातातली कामं टाकून, भोंगा वाजवत, लाल गाडी घेऊन आली. येताना कुणीतरी सॉसेज भाजायची शेगडीही गाडीत टाकली होती.

"काउंटसाहेब, काळजी सोडा," हिनर्क म्हणाला. "माझ्या मेव्हण्याकडे छोटा जेसीबी आहे. तासाभरात टेकाड सपाट करतो."

जेसीबी येण्याआधी दोन सरकारी मोटारी आल्या. एकीतून पुरातत्त्व खात्याच्या ब्रून्सबाई उतरल्या, दुसरीतून निसर्ग खात्याचे फानकूख. हेनिंगने दोघांना ओळखलं. गेली सहा वर्षं ब्रून्सबाई त्याच्या मागे लागल्या होत्या, की बॅजर थडगं पोखरतायत, त्यांना हुसकावून लावा. आणि तीच सहा वर्षं फानकूख त्याला तंबी देत होते, की बॅजरच्या केसालाही धक्का लागता कामा नये. दोन्ही खाती त्याला वेगवेगळं रागवायची, आणि दोघांचंही ऐकतो असं तो म्हणत आला होता. ती दोघं एकमेकांना कधी भेटली नव्हती. आज त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी हस्तांदोलन केलं.

फानकूखांनी आधी हेनिंगलाच धारेवर धरलं. शिकारीचा हंगाम बंद असताना डॅशहंड बिळात सोडली, याचा अर्थ काय होतो तुम्हाला ठाऊक आहे ना, असं ते म्हणाले. सोडली नाही, सुटली, असं हेनिंग म्हणाला. सगळे असंच म्हणतात, फानकूख म्हणाले. ब्रून्सबाई त्या मानाने मवाळ होत्या. कुत्रीबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. पण फावड्याचा एक घाव आधीच बसला होता आणि त्या घावाकडे त्या एखाद्या पोराच्या फुटलेल्या गुडघ्याकडे पाहावं तशा पाहत होत्या. दुसरा बसणार नाही, एवढं त्यांनी स्पष्ट केलं. जेसीबी हा शब्द ऐकल्यावर तर त्यांना खाली बसावं लागलं.

हिनर्कला एक युक्ती सुचली. तुंबलेल्या गटारात सोडायचा कॅमेरा त्याच्याकडे होता. कॅमेऱ्याने खणत नाहीत, त्यामुळे ब्रून्सबाईंची हरकत नव्हती, आणि दिवा मंद ठेवायच्या अटीवर फानकूखही तयार झाले. केबल आत सरकत गेली. पडद्यावर वाळू दिसली, मुळं दिसली, मग काळंपांढरं काहीतरी झटकन आडवं गेलं आणि पडदा बंद पडला. हिनर्कने केबल ओढली, तर नुसतं टोक हातात आलं. कुणीतरी ते चावून तोडलं होतं. म्हणजे आता आत दोन गोष्टी अडकल्या, आणि त्यातली एक हिनर्कची. त्यानंतर त्याच्या बोलण्यातला उत्साह जरा ओसरला.

तेवढ्यात आईचा फोन आला. डॉक्टरांनी तिला लवकर सोडलं होतं. खरं तर तिच्या बोलण्याला कंटाळून सोडलं असावं. टॅक्सी अर्ध्या वाटेवर होती.

"ट्रूडेला फोनपाशी घे," ती म्हणाली.

"आत्ता नाही घेता येणार, आई."

"का?"

"ती आत आहे."

यात खोटं काही नव्हतं. फोन ठेवून हेनिंग टेकाडाकडे पाहत उभा राहिला. सकाळभर सायकल हाकली तरी संपणार नाही एवढी जमीन त्याच्या नावावर होती. त्यातली स्प्रूसची झाडं भुंग्यांनी फस्त केली होती. गळकी कौलं बदलायची तर ब्रून्सबाईंना विचारायचं, सडकी फांदी तोडायची तर फानकूखांना विचारायचं. हिवाळ्यात हवेलीत गरम राहायचं ते एकटं स्वयंपाकघर, तिथे आई बसायची. बापाने मरताना त्याचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, सांभाळ. काय सांभाळायचं ते विचारायचं राहून गेलं. त्यानंतर तो नुसता सांभाळत होता.

"माणसाने बिळात शिरू नये, असा काही नियम आहे का?" त्याने विचारलं.

ब्रून्सबाईंनी फानकूखांकडे पाहिलं. दोघांनी बराच विचार केला. असा नियम नव्हता. कुणी शिरेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हेनिंग अंगाने काटकुळा होता आणि जुन्या बिळाचं तोंड चांगलं रुंद होतं. जाकीट काढून ठेवून, आजोबांच्या वेळचं, कोपरांवर चामडं लावलेलं स्वेटर खाली ओढून तो पालथा पडला, हात पुढे केले आणि सरपटत आत गेला. डोकं गेलं, खांदे गेले, कमर गेली. पुढचं अंग बरंच आत गेल्यावर त्याची बोटं गळपट्ट्याला लागली. ट्रूडेने त्याचा हात चाटला. त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. तो पट्टा धरणार इतक्यात ती वळली, बाजूच्या वाटेने खुडबुडत निघून गेली, आणि थोड्याच वेळात टेकाडाच्या पलीकडून, जिथे दलाची माणसं सॉसेज भाजत होती तिथून, आनंदाचा गलका ऐकू आला.

"बाहेर आली, काउंटसाहेब," हिनर्कने त्याच्या पायांपाशी ओणवं होऊन सांगितलं. "ठणठणीत आहे. खातेय. या आता."

हेनिंगने मागे सरकून पाहिलं. स्वेटर गोळा होऊन काखेत पाचरीसारखं बसलं होतं. पुढे सरकून पाहिलं. तेही जमेना.

हिनर्कने त्याचे घोटे धरले, पण ब्रून्सबाईंनी त्याला थांबवलं. टॉर्चच्या उजेडात त्यांना काउंटच्या कमरेला टेकलेला थडग्याचा मोठा चिरा दिसला होता. हिसका बसला तर तीन हजार वर्षांचं बांधकाम ढासळेल आणि काउंटवरच ढासळेल, हे त्यांनी त्याच क्रमाने सांगितलं. वरिष्ठांना विचारल्याशिवाय ओढता येणार नव्हतं. वरिष्ठ कील शहरात बैठकीत होते.

आत अंधार होता. ओल्या मातीचा आणि जनावराचा वास होता. माणसांचे आवाज दुरून, उशी तोंडावर धरून बोलल्यासारखे येत होते. फोन बाहेर जाकिटात राहिला होता. हेनिंगने गाल वाळूवर टेकला. आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की छातीवर कायम असायचा तो दगड हलका झालाय. नवरीला हंस मागायचे असतील, तर ती मागू शकत नव्हती. कौलांबद्दल, फांद्यांबद्दल, भुंग्यांबद्दल त्याला कुणी काही विचारू शकत नव्हतं. काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि ते प्रथमच त्याच्या चुकीमुळे नव्हतं.

टॅक्सी आली. काठी टेकत म्हातारी टेकाडापाशी पोचली. तिने आधी ट्रूडेला उचलून घेतलं, तिच्या कानात काहीतरी गोड सांगितलं, मग बिळाबाहेर आलेल्या पायांकडे वळली.

"हे हेनिंगचे बूट," ती म्हणाली. "बाकीचा कुठे आहे?"

हिनर्कने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बिळाच्या दिशेने आवाज चढवला. "हेनिंग, बाहेर ये. लोक जमलेत."

"येता येत नाही, आई."

"तुझ्या वडिलांनी असं कधी केलं नसतं."

दुपारच्या कॉफीची वेळ झाली म्हणून ती ट्रूडेला घेऊन हवेलीकडे निघून गेली. हिनर्क जमिनीवर आडवा झाला आणि त्याने हळू आवाजात विचारलं, काही हवंय का.

"काही नको," हेनिंग म्हणाला. "घाई करू नकोस, हिनर्क. खरंच सांगतो. इथे बरं आहे."

असं काही काउंटच्या तोंडून हिनर्कने आजवर ऐकलं नव्हतं. त्याला काळजी वाटली.

पण बरं फार वेळ टिकलं नाही. पुढच्या अंधारात कुणीतरी फुसफुसलं. एक थंड नाक हेनिंगच्या बोटांना लागून मागे गेलं. मग खसाखसा आवाज सुरू झाला आणि तोंडावर वाळू येऊन पडली. थोडं थांबून पुन्हा पडली. बॅजरने पाहुण्याला पाहून घेतलं होतं आणि आता तो वाट बुजवत होता. रागाबिगाने नाही, दारातून वारा येतो म्हणून दार लावून घ्यावं तसं.

"ओढा," हेनिंग म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "हिनर्क, ओढ. तो मला गाडतोय."

"कीलहून फोन यायचाय, साहेब. जरा दम धरा."

फानकूख मात्र धावत आले आणि चांगल्या सुटाची पर्वा न करता हिनर्कशेजारी पालथे पडले. त्यांचा आवाज कापत होता. बॅजरला हे करताना इतक्या जवळून आजवर कुणी पाहिलेलं नाही, असं ते म्हणाले. तो पुढच्या पायांनी ढकलतोय की मागच्या, वाळूत गवत मिसळतोय का, काउंटसाहेबांनी कृपा करून सांगत राहावं. हेनिंगने तोंडातली वाळू थुंकून सांगितलं, की मागच्या. पलीकडून ब्रून्सबाईंनी विचारलं, की तुम्ही आत आहातच, तर डाव्या हाताने बाजूचा दगड चाचपून पाहता का. हेनिंगने चाचपलं. दगडावर रेघा होत्या, एकात एक वर्तुळं कोरलेली. त्याने तेही सांगितलं. बाहेर इतकी शांतता पसरली, की सॉसेजची चरचर ऐकू आली.

शेवटी कीलहून फोन आला तेव्हा वाळू त्याच्या हनुवटीपर्यंत पोचली होती. दलाच्या माणसांनी त्याला नवसाच्या मूर्तीसारखं हळूहळू, इंचाइंचाने बाहेर काढलं. स्वेटर आतच राहिलं. हिनर्क हात घालून ते काढणार होता, पण बॅजरने ते अंथरुणासाठी आत ओढून नेलं होतं, आणि वापरात असलेलं अंथरूण काढून घेता येत नाही, असं फानकूखांनी सांगितलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवृत्त शिक्षिकेनेही वाजवल्या. कुणीतरी हेनिंगच्या उघड्या खांद्यांवर दलाचं जाकीट टाकलं आणि हातात सॉसेज दिलं. ब्रून्सबाई पुढे आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी त्याचा मातीने भरलेला हात दोन्ही हातांत घेतला. असे कोरीव चिरे या भागात अजून कुठेही सापडले नव्हते. आता संरक्षित जागा नुसत्या टेकाडापुरती ठेवून भागणार नव्हतं. मागचं जंगल, पुढचं कुरण आणि हवेलीकडे जाणारा रस्ताही त्यात घ्यावा लागणार होता. फानकूखांनी शेजारून मान डोलावली. या बाबतीत दोन्ही खात्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"असं भाग्य फार थोड्या जमीनमालकांना लाभतं," ब्रून्सबाई म्हणाल्या.

हेनिंगने सॉसेजचा एक घास खाल्ला. मग विचारलं, "मग आता मी इथे काय करू शकतो?"

प्रश्न प्रामाणिक होता आणि ब्रून्सबाईंनीही त्याचा प्रामाणिकपणे विचार केला. त्यांनी टेकाडाकडे पाहिलं, जंगलाकडे पाहिलं, कुरणाकडे पाहिलं.

"बघू शकता," त्या म्हणाल्या. "पायवाटेवरून."